पाठमोऱ्या बंगल्याची हौसाबाई

फार वर्षांपूर्वी, बोरखडीच्या रस्त्यावर अजून खडी पडली नव्हती आणि बाजाराला येणारा माणूस गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन यायचा, त्या काळातली ही गोष्ट. खरी किती आणि वाढवलेली किती, हे बोरखडीत कुणी विचारत नाही. गोष्ट म्हटली की ती सांगणाऱ्याच्या तोंडात थोडी फुगणारच. भाकरी फुगते, मग गोष्टीनं काय पाप केलंय?

बोरखडीत पाद्रीबाबांचा बंगला आहे. आजही आहे. पण नवखा माणूस तो शोधत येतो आणि हमखास चुकतो. रस्त्यावरून आधी दिसतो तो घोड्याचा तबेला. तबेल्याला लागून सरपणाची खोली, मग कोंबड्यांचं खुराडं, मग नोकरांच्या खोल्या, आणि त्यांच्या मधोमध सैपाकघर. या साऱ्यांची दारं थेट रस्त्यावर उघडतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं मातीचं छप्पर. आणि बंगला? तो या सगळ्यांच्या मागं, रस्त्याकडं पाठ करून उभा आहे. घडीव दगडाचं उंच जोतं, पाच कमानींचा व्हरांडा, वर लाल कौलं. आणि हा सगळा थाट डोंगराकडं तोंड करून. डोंगरावर शेरडांखेरीज कुणी जात नाही. शेरडांना एवढा व्हरांडा कशाला लागतो, असं नवखा माणूस विचारतो. मग त्याला हौसाबाईची गोष्ट सांगावीच लागते.

हौसाबाई नामाजी पाद्र्यांची बायको. पाद्री मोठा शांत माणूस. पुस्तक आणि घोडा, एवढंच त्याचं जग. महिन्यातले कितीतरी दिवस तो घोड्यावर बसून गावोगाव उपदेशाला जायचा. हौसाबाई मात्र गोदाकाठच्या मोठ्या बोलक्या घरातली. तिच्या माहेरी म्हणे दळतानाही चार बायका एकदम बोलायच्या आणि चौघींना चौघींचं ऐकू यायचं. तिला बोरखडीच्या कडेला, एका भाड्याच्या खोपटात आणून ठेवलेलं. गाव तिच्याशी बोलेना. ही बाटलेली माणसं, यांच्या दारात कोण उभं राहणार? रोज माणसं समोरून जायची आणि मान दुसरीकडं वळवायची.

बोलायला माणूस नाही म्हटल्यावर हौसाबाई भांड्यांशी बोलायला लागली. तव्याला म्हणायची, “तापला का रं बाबा?” दाराला म्हणायची, “कुरकुरू नको, म्हातारं झाल्यासारखं.” असं म्हणतात, की तिच्या घरातली वस्तू तिचं ऐकायची. उतू जाणारं दूध ती “थांब” म्हणाली की थांबायचं.

मग एके दिवशी शहरातून मिशनच्या मोठ्या साहेबांनी बंगल्याचा नकाशा धाडला. गावच्या पाद्र्याला शोभेल असं घर हवं, असा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. पण साहेबांनी बोरखडीची जागा काही पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर शेळ्या निदान दिसायला तरी हव्यात! नकाशात रस्त्याकडं तोंड करून बंगला होता, त्याच्यापुढं फुलबाग आणि फाटक. तबेला, सैपाकघर, खुराडं हे सारं मागं, पार लांब. धूर नको, वास नको आणि सैपाकघरातली बडबड तर नकोच नको. खाली साहेबांचा सक्त हुकूम होता, की नकाशात तसूभरही फरक करू नये.

नामाजी पाद्र्यांनी नकाशा रभाजी गवंड्याच्या हातात दिला, सगळं हौसाबाईवर सोपवलं आणि घोड्यावर बसून ते दौऱ्यावर गेले.

रभाजीनं जागेवर दोरी ताणली, आणि ताणता ताणता थांबला. रस्ता जागेच्या दक्षिणेला होता.

“पाद्रीणबाई,” तो म्हणाला, “ह्या घराचं तोंड दक्षिणेला येतंय.”

हौसाबाईनं दोरीवरचा पाय मागं घेतला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. खरं तर तिनं म्हणायला हवं होतं, आम्ही ख्रिस्ती माणसं, आम्हाला कसला आलाय यम? पण डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं म्हणून हाडात मुरलेलं लगेच थोडंच धुऊन निघतं!

“मग रं?” तिनं विचारलं.

“मी काय दक्षिणेला दार काढणार न्हाई. माझ्या बापानं काढलं न्हाई, माझ्या आज्यानं काढलं न्हाई.”

“पण सायबांनी तर लिवलंय, तसूभर फरक नको.”

 रभाजीनं नकाशा जमिनीवर ठेवला आणि सावकाश फिरवला. वरची बाजू खाली आली, खालची वर गेली.

“आता बघा,” तो म्हणाला. “बंगल्याचं तोंड उत्तरेला. आन् फरक तसूभर न्हाई.”

हौसाबाईनं पाहिलं. खरंच, एकही रेघ बदललेली नव्हती. दोघांनाही आपल्या अकलेचं मोठं कौतुक वाटलं. तोंड फिरलं तसं सैपाकघर, तबेला आणि खुराडंही फिरून रस्त्यावर येणार, हे त्या दोघांच्या ध्यानात आलं नाही. आलं, तेव्हा भिंती कमरेइतक्या वर आल्या होत्या.

पाद्रीबाबा दौऱ्यावरून परतले तेव्हा घोडा रस्त्यावरूनच सरळ तबेल्यात शिरला. पाद्रीबाबा आत अंधारात घोड्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “घोड्याला घर सापडलं. माझं कुठाय?”

हौसाबाईनं त्यांना सैपाकघरातून, अंगणातून, मागच्या दारानं बंगल्यात नेलं. पाद्रीबाबांनी पाच कमानींतून डोंगर पाहिला. शेरडं पाहिली. मग कपाळाला हात लावला आणि पोट धरून हसले. म्हणतात ना, घर पाहावं बांधून! हसून झाल्यावर त्यांना साहेबांची आठवण झाली आणि हसू थांबलं.

पण हौसाबाईचं नशीब त्या उलट्या नकाशानंच उघडलं. झालं असं, की एका बाजारच्या दिवशी सैपाकघराच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. ती ठकूबाई पाटलीण. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती.

“विस्तव हाय का गं चुलीत?” तिनं विचारलं. “पोरानं चिलीम भरून दिली आन् चकमक घरीच विसरला, मुडदा.”

हौसाबाई बावरली. “माझ्या चुलीतला चालंल तुमास्नी?”

“विस्तवाला कुठला आलाय विटाळ?” ठकूबाई म्हणाली, आणि दाराबाहेरच्या धोंड्यावर बसली. पाणी मात्र तिनं मागितलं नाही.

तेव्हापासून येणारी-जाणारी विस्तवाला थांबायला लागली. बंगल्याच्या व्हरांड्यात चढायची कुणाची छाती झाली नसती. पण सैपाकघराचं दार ते काय, रस्त्यालाच लागून! बाया डोक्यावरची पाटी उतरवून घटकाभर टेकायच्या. सासू, सून, म्हैस, दात, सगळ्यांची गाऱ्हाणी त्या दारात सांगितली जायची. सरपणाच्या खोलीत कुणी बाजाराचं ओझं ठेवून जायचं. तबेल्याच्या सावलीत कुणाचं तान्हं निजायचं. पाणी अजून कुणी घेत नव्हतं, पण हौसाबाई म्हणायची, आज विस्तव नेतात, उद्या पाणी पितील. रात्री ती पाद्रीबाबांना दिवसभराच्या गोष्टी सांगायची आणि पाद्रीबाबा पुस्तक मिटून ऐकायचे. इतकी सुखी ती माहेरीही नव्हती.

आणि मग मोठे साहेब आले.

साहेब माणूस वाईट नव्हता. मराठीही शिकलेला होता, फक्त पुस्तकातून शिकलेला. टांग्यातून उतरला तो कोंबड्यांच्या खुराड्यासमोर. फाटक कुठंय म्हणून त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तेवढ्यात एक कोंबडी त्याच्या बुटावर चढली.

“बाई, हे काय केलेत?” साहेब म्हणाला. “पाकशाला मार्गावर? मी नकाशा दिला होता!”

“तसूभर फरक न्हाई केला, सायेब,” हौसाबाई खाली बघत म्हणाली.

साहेबानं सगळं फिरून पाहिलं. मापं खरोखरच बिनचूक होती, त्यामुळं त्याला जास्तच राग आला. त्यानं सांगितलं, की बंगला राहू द्या, पण रस्त्यावरचं हे सगळं पाडायचं आणि मागं डोंगराच्या बाजूला नव्यानं बांधायचं. रस्त्याच्या कडेनं भिंत घालायची. ईस्टरच्या आत.

साहेब गेला आणि हौसाबाई चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. पाद्रीबाबा जवळ येऊन बसले. “अगं, नवं सैपाकघर मिळेल,” ते म्हणाले.

“सैपाकघर घेऊन काय करू?” ती म्हणाली. “डोंगराकडनं कोण येणार हाय माझ्या दारात?”

 पाद्रीबाबांनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पाडायचं काम रभाजीकडंच आलं. पण रभाजीला काही मुहूर्त मिळेना. आज काय तर तबेल्याच्या वळचणीला चिमणीनं घरटं केलंय. उद्या काय तर पहार बोथट झालीय. परवा त्याची कंबर धरली. शेवटी तो उघडच म्हणाला, “पाद्रीबाबा, म्या बांधायला शिकलो. पाडायचं कुणी शिकवलं न्हाई.” असं करता करता ईस्टर तोंडावर आला, आणि साहेब स्वतःच शहरातून मजूर घेऊन आला.

तो बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर माणूस मावत नव्हतं. मजुरांनी तबेल्याच्या कोपऱ्याला पहार लावली. बाया आपापल्या पाट्या घेऊन रस्त्यातच थांबल्या.  हौसाबाई सैपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती आणि पहारेचा आवाज तिच्या छातीत घुमत होता.

तेवढ्यात डोंगरामागून ढग आला. असं म्हणतात, की तो ढग काळा नव्हता, हिरवा होता. ज्यांनी असा ढग पाहिलाय ते सांगतील, त्यात काय असतं. गारा! पहिल्या गारा बोराएवढ्या पडल्या, मग लिंबाएवढ्या, मग कवठाएवढ्या. हल्ली सांगणारे नारळाएवढ्या सांगतात. बैलांनी जू झुगारलं, पाट्या उधळल्या, पोरं किंचाळायला लागली. आसपास ना झाड ना दुसरं घर.

“आत या!” हौसाबाई ओरडली. “समदी आत या!”

आणि सगळा बाजार त्या दारांतून आत घुसला. सैपाकघर भरलं. सरपणाची खोली भरली. नोकरांच्या खोल्या भरल्या. खुराड्यात पोरं शिरली आणि कोंबड्या त्यांच्या डोक्यावर बसल्या. साहेब मात्र अंगणातून धावत बंगल्यात गेला. त्याला वाटलं, तिथं दगडी भिंती, तिथं निर्धास्त. पण गारांनी कौलं पापडासारखी फोडली. दिवाणखान्यात गारांचा खच पडला. साहेब डोक्यावर खुर्ची धरून परत आला तो तबेल्यात. धाब्यावरची जाड माती गारा गिळत होती, आत एक थेंब येत नव्हता.

तबेला तो केवढा! एक घोडा आणि एक टांगा मावेल एवढाच. त्यात आता साहेब, मजूर, तेली, कासार, पाटील, महार, मांग, शेळ्या आणि वर पाद्रीबाबांचा घोडा. श्वास घ्यायला जागा नाही. आणि बाहेर रस्त्यावर अजून माणसं होती. दारात ठकूबाई पाटलीण उभी होती, तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तिला आत घ्यायला वीतभर जागा नव्हती.

हौसाबाई डोक्यावर परात धरून सैपाकघरातून तबेल्यात धावली आणि माणसांतून वाट काढत मागच्या भिंतीपाशी गेली. आगगाडीच्या डब्यात आपण शेजारणीला म्हणतो ना, तसा तिनं भिंतीवर तळहात ठेवला, हलकेच थोपटलं आणि म्हणाली, “सरक गं बाई जराशी. माणसं भिजत्यात.”

आणि भिंत सरकली.

असं म्हणतात, की दगड नुसते कुजबुजल्यासारखे वाजले. माती पडली नाही, सांधा उकलला नाही. भिंत पोट बाहेर काढून मागं वाकली आणि आत ठकूबाईपुरती जागा झाली. मग आणखी एकाला. मग आणखी दहांना. हौसाबाई भिंत थोपटत राहिली, “आणिक जरा, माझे आई,” म्हणत राहिली, आणि माणसं आत येत राहिली. शेवटी बैलही आत आले म्हणतात. एका घोड्याच्या तबेल्यात बोरखडीचा अख्खा बाजार मावला आणि एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायावर पडला नाही.

हौसाबाईनं तबेल्याच्या कोपऱ्यात आडाचं पाणी भरून ठेवलेलं होतं. तिनं ठकूबाईची जखम धुतली आणि तांब्या तिच्यापुढं धरला. ठकूबाईनं तांब्याकडं पाहिलं, हौसाबाईकडं पाहिलं.

“बघतीस काय? ओत की,” ती म्हणाली, आणि ओंजळीनं घटाघटा पाणी प्याली. पाटलीण प्याली म्हटल्यावर कोण मागं राहतो? तांब्या हातोहात फिरला. त्या दिवशी कुणी कुणाचा हात पाहिला नाही. हौसाबाईला काय वाटलं असेल, ते कसं सांगावं? ती मागं वळून डोळे पुसत होती आणि कडब्याच्या धुळीला नावं ठेवत होती.

गारा थांबल्या. दारं उघडली. साहेब सगळ्यांत आधी बाहेर पडला आणि रस्त्यावर उभा राहिला. त्याच्यामागून माणसं बाहेर यायला लागली. दहा आली, वीस आली, साहेब बघतोय. म्हातारी आली, पोरं आली, गाभण शेळ्या आल्या. साहेबानं वाकून तबेल्यात पाहिलं, तबेल्याची लांबी पाहिली, परत माणसं पाहिली. असं म्हणतात, की दिवस कलला तरी तबेल्यातून माणसं निघतच होती.

 कपाळाला फडकं बांधलेली ठकूबाई साहेबापुढं येऊन उभी राहिली. “सायेब,” ती म्हणाली, “ह्या घराचं तोंड हिकडंच हाय. रस्त्याकडं. तुमचं कागद काय का म्हणंना.”

साहेबानं टोपी काढली. टोपीतल्या गारा झटकल्या. मजूर पहारी घेऊन उभे होते, आता काय करायचं म्हणून त्याच्याकडं बघत होते.

“भिंतींना हात लावू नका,” साहेब म्हणाला. “कौले बदला.”

आणि मग तो पहिल्यांदाच सैपाकघराच्या दारानं आत गेला, चुलीशेजारी पाटावर बसला आणि हौसाबाईच्या हातची भाकरी आणि पिठलं खाऊन गेला. तिखट लागलं म्हणे, पण दोनदा मागून घेतलं.

तबेल्याची ती भिंत आजही पोट काढून उभी आहे. शहरातला शिकलेला माणूस आला की सांगतो, पाया खचलाय किंवा पाणी मुरलंय. बोरखडीकर हो म्हणतात आणि त्याला चहा पाजतात. दर वर्षी पावसाळ्याआधी घरटी एक पाटी माती आणून सगळं गाव त्या धाब्यांवर घालतं. कुठल्या घरची पाटी, हे कुणी विचारत नाही. भिंत मात्र कुणी सरळ करत नाही.

लग्नाच्या मांडवात, शाळेच्या वर्गात, एसटीच्या गाडीत, जिथं कुठं दाटी होईल तिथं बोरखडीची माणसं भिंत नाहीतर पत्रा हलकेच थोपटतात आणि म्हणतात, “सरक गं बाई जराशी.” जागा होतेच. आता ती पत्रा सरकल्यानं होते की माणसं सरकल्यानं, ते ज्यानं त्यानं पाहावं.

हौसाबाई पुष्कळ जगली. गेली तेव्हा तिला सैपाकघराच्या दारानंच बाहेर काढलं, आणि खांदा द्यायला इतके हात पुढं झाले, की म्हणतात, ती दफनभूमीपर्यंत हातांवरूनच गेली. तिच्यानंतर बंगल्यात कितीतरी पाद्री आले आणि बदलून गेले. नव्या पाद्रीबाबांना पहिल्या दिवशी तबेल्यातून आत नेतात, सैपाकघरात जेवायला बसवतात, आणि मगच व्हरांडा दाखवतात. त्यांच्या बायकोचं नाव काहीही असो, ते त्यांच्या घरी. बोरखडीत तिला हौसाबाई म्हणतात. कुणी तसं ठरवून दिलेलं नाही.

अलीकडंच एक नवे पाद्री आले. त्यांची बायको शहरातली, पूर्वी शाळेत शिकवणारी, इव्हांजलिन नावाची. तिला गाव नवं, माणसं नवी, आणि नवरा दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर बसून खेड्यापाड्यांना गेलेला. संध्याकाळी ती एकटीच सैपाकघरात उभी होती. नवी भांडी कुठं लावावीत, ते तिला कळत नव्हतं.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवली.

“हौसाबाई,” हाक आली, “आहेस का गं घरात?”

इव्हांजलिननं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तिनं हात पदराला पुसले आणि दार उघडलं.

“आहे,” ती म्हणाली. “या ना, आत या.”